तेरा जाती, एक सातबारा

फ्रान्समधल्या वाइनच्या इस्टेटीबद्दल लिहायला बसलेला माणूस हमखास आधी तळघरात शिरतो. दगडी कमानी, रांगेत मांडलेली ओकची पिंपं, पिवळसर दिवा. मला मात्र अशा जागी गेलं की पहिली आठवण होते ती सातबाऱ्याची. जमीन कोणाच्या नावावर आहे? भाऊ किती? बहिणींनी हक्कसोड केली का? निफाड तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरात वाढल्याचा हा परिणाम असणार. आमच्याकडे बाग कशी आली हे विचारायच्या आधी बाग कोणाच्या वाट्याला आली हे विचारतात.

आणि हा प्रश्न फ्रान्समध्ये मुळीच अस्थानी नाही. राज्यक्रांतीने थोरल्या मुलाचा मान काढून घेतला, आणि १८०४च्या नेपोलियनच्या नागरी संहितेने सगळ्या मुलामुलींचा वाटा पक्का केला. न्याय म्हणून उत्तमच. पण जमिनीचं काय होतं ते बघायला बर्गंडीत जावं. क्लो द वूजो नावाचा तिथला मळा मध्ययुगात सिस्तर्शियन साधूंनी भिंत घालून राखलेला. साधारण ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आतबाहेर. भिंत अजून उभी आहे, पण विक्री आणि वाटण्या होत होत आत आता ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या वाट्याला जेमतेम चार-दोन ओळी. एकाच भिंतीआड, एकाच नावाने, ऐंशी घरांच्या वेगवेगळ्या कुवतीच्या वाइन निघतात. बाटली कोणाची आहे हे माहीत नसेल तर नुसत्या नावाला भुलून पैसे घालवू नयेत असं जाणकार सांगतात.

म्हणूनच दक्षिणेकडच्या ऱ्होन खोऱ्यातल्या शातो द बोकास्तेल या वाइनच्या इस्टेटीबद्दल मला कुतूहल होतं. साधारण १०० हेक्टरवर वेली, त्यातला तीन-चतुर्थांश भाग शातोनफ-द्यु-पाप या मानाच्या क्षेत्रात, आणि १९०९ पासून ते सगळं एका घरात. पाचवी पिढी काम करते आहे. भाऊ, बहीण, चुलतभाऊ सगळे एकाच आस्थापनात, आणि अजून कोणी मधे बांध घातलेला नाही. माझी धाकटी बहीण लियोंला असते. तिच्याकडे गेले असताना आम्ही दक्षिणेच्या महामार्गाने खाली उतरलो, तेव्हा उन्हाळा सरत आला होता आणि वाऱ्याने गाडीचं दार उघडू देईना.

तो वारा म्हणजे मिस्त्राल. उत्तरेकडून खोऱ्यातून खाली घोंगावत येतो. त्याच्याकडे परत येईनच, कारण या इस्टेटीच्या निम्म्या गुणांचं श्रेय माझ्या मते त्यालाच द्यायला हवं.

शातोनफ-द्यु-पाप म्हणजे पोपचा नवा किल्ला. १३०९ मध्ये पोपची गादी रोमहून आविन्योंला आली, आणि पुढे बाविसाव्या जॉन पोपने या टेकडीवर किल्ला बांधला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवला. आता एका बाजूची भिंत तेवढी आकाशाला टेकलेली दिसते. गाव लहान आहे आणि गावाला नियम करायची भारी हौस. १९५४ मध्ये फ्रान्सभर उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत होत्या, तेव्हा इथल्या महापौरांनी रीतसर फर्मान काढलं: कोणत्याही देशाच्या उडत्या तबकडीने गावाच्या हद्दीवरून उडू नये, उतरू नये; उतरल्यास ती ताबडतोब जप्त करण्यात येईल. फर्मान अजून मागे घेतलेलं नाही. द्राक्षमळ्यांचं नुकसान कोणी करायचं नाही, मग तो मंगळावरून आलेला का असेना.

पण या गावाचा खरा नियम १९२३चा. त्या काळी इथली वाइन बर्गंडीचे व्यापारी पिंपांनी उचलायचे आणि आपल्या पातळ वाइनला जोर यावा म्हणून तिच्यात मिसळायचे. इथलं नाव मात्र भलतीच भेसळ विकायला वापरलं जायचं. गावकऱ्यांनी बॅरन पिएर ल रॉय या वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, पहिल्या महायुद्धात विमान चालवलेल्या गृहस्थाला गाठलं. हे गृहस्थ गावचे जावई, शातो फोर्तियाच्या घरातले. त्यांनी आधी अट घातली म्हणे, की तुम्ही स्वतः प्रामाणिक राहणार असाल तरच मी नेतृत्व घेतो. मग नियम आले. क्षेत्राची हद्द कुठवर? ज्या रखरखीत जमिनीत लॅव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवतात तिथवर. मला हा निकष फार आवडला. तलाठ्याच्या साखळीपेक्षा झुडपांवर जास्त विश्वास. छाटणी कशी करायची, कोणत्या जाती चालतील, मद्यार्क कमीत कमी किती, खराब मणी निवडून टाकायचेच, वगैरे. यातूनच पुढे १९३६ मध्ये फ्रान्समधल्या पहिल्या काही नियंत्रित नामांकनांत शातोनफचा नंबर लागला. आज आपण नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून पाटी लावतो, त्या कल्पनेच्या मुळाशी हे गाव आहे.

बोकास्तेल क्षेत्राच्या ईशान्य टोकाला, कूर्तेझों गावच्या हद्दीत. अगदी लगतून महामार्ग जातो, ट्रकांची घरघर मळ्यात ऐकू येते. महामार्गाच्या पलीकडे त्यांचीच आणखी जमीन आहे, कूदुले नावाची, मातीही बरीचशी तशीच. पण ती रेषेबाहेर, म्हणून तिथली वाइन नुसती कोत द्यु ऱ्होन म्हणून आणि बऱ्याच कमी भावात विकली जाते. एका रस्त्याने जमिनीच्या भावात केवढा फरक पडतो हे समृद्धी महामार्गानंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

नाव १५४९ इतकं जुनं. पिएर द बोकास्तेल नावाच्या सरदाराने इथे एक कोठार आणि लगतची जमीन घेतली. सतराव्या शतकाच्या शेवटी याच घराण्यातल्या एकाला चौदाव्या लुईने गावचा कप्तान नेमलं, कारण त्याने प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ धरला. इनामं कशी मिळतात हे सगळीकडे सारखंच. आजचं पेरँ कुटुंब मात्र त्यांचे वंशज नव्हेत. १९०९ मध्ये पिएर त्रामिए या माणसाने ही पडकळीला आलेली इस्टेट विकत घेतली, त्याच्याकडून ती जावयाकडे, पिएर पेरँकडे आली, आणि मग त्याच्या मुलाकडे, जाक पेरँकडे. म्हणजे या घराण्याचं नाव मुळात जावयाचं आहे.

पडकळीला का आली होती? फिलॉक्सेरामुळे. मुळं खाणारा हा बारका किडा अमेरिकेतून आला आणि फ्रान्समध्ये पहिल्यांदा त्याची चाहूल लागली ती १८६३ मध्ये, प्युजो गावात, इथून नदीच्या पलीकडच्या काठाला. म्हणजे शातोनफला पळायलाही वेळ मिळाला नाही. १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने किडा ओळखला, पण उपाय सापडायला आणखी वर्षं गेली. उपाय होता अमेरिकन रानवेलीच्या खुंटावर फ्रेंच जातीचं कलम करायचा, कारण त्या वेलींची मुळं हा किडा पचवून होती. टेक्सासमधल्या मन्सन या वेलीवेड्या माणसाने चुनखडीच्या जमिनीत तगणारे खुंट शोधून द्यायला मदत केली. फ्रान्सने त्याचा १८८८ मध्ये सन्मान केला.

हे सगळं मी वाचत होते आणि मन्सनच्या यादीत मला डॉगरिज दिसला. आमच्या बांधावरचा डॉगरिज! नाशिक-सांगलीकडे क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यावर उतारा म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षं आपण जो खुंट लावतो, तो मुळात टेक्सासच्या बेल काउंटीतली रानवेल. आमच्या थॉम्सन द्राक्षाची मुळं आणि फ्रान्सच्या राजेशाही वेलींची मुळं यांचं गाव अशा रीतीने एकाच मुलखात निघतं. आमच्याकडे मिरवतो तो वरचा घड. खुंटाचं नाव रोपवाटिकेच्या पावतीपुरतं.

आता तेरा जातींकडे. शातोनफच्या नियमांनी द्राक्षांच्या तेरा जातींना परवानगी दिली: ग्रनाश, मूर्वेद्र, सिरा, सँसो, कूनवाज, वाकारेझ, तेरे न्वार, म्यूस्कार्दँ, आणि पांढऱ्यांपैकी क्लेरेत, पिकपूल, पिकार्दां, बूरबूलँक, रूसान. परवानगी आहे म्हणून लावायलाच हव्यात असं नाही. बहुतेक मळेवाल्यांनी ग्रनाशवर भर दिला. ती जोमदार, साखर भरपूर, उन्हाला न घाबरणारी. काहींच्या बाटलीत तर जवळपास सगळी ग्रनाशच असते, आणि त्यातल्या काही बाटल्या जगातल्या उत्तम वाइनमध्ये गणल्या जातात, हेही सांगायला हवं. जाक पेरँने मात्र तेराच्या तेरा ठेवल्या. ग्रनाशच्या बरोबरीने मूर्वेद्र वाढवली, जी उशिरा पिकते, हट्टी आहे, आणि या उत्तरेकडच्या टोकाला पिकेल की नाही याची धास्ती असते. बोकास्तेलच्या लाल वाइनमध्ये दोन्ही साधारण तीस-तीस टक्के, मग सिरा, कूनवाज, आणि उरलेल्यांचा शिडकावा.

मी रात्री दादाला फोन केला.

“तेरा जाती? एका बागेत?”

“वेगवेगळे प्लॉट. पिकेल तसं तोडतात. हातानेच तोडायचं असा नियमच आहे.”

“मग तोडणी महिनाभर चालत असेल. मजूर कोण थांबतो इतकं?” मग त्याने नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारला. “एकरी माल किती?”

नियमाने हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे साडेतीन हजार लिटरच्या वर वाइन काढायची नाही. द्राक्षांत धरलं तर एकरी दोन टनांच्या आसपास. आमच्याकडे आठ-दहा टन निघाले तर साल बरं गेलं म्हणतात.

“दोन टन? आणि पाणी?”

“पावसाचं. ठिबक नाही. फार दुष्काळ पडला तर परवानगी काढून.”

“अगं, मग बँक कशी ऐकते त्यांचं?” दादा म्हणाला. या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते नंतर.

तेरा जाती ठेवण्यात जुन्याचा लोभ किती आणि शहाणपण किती? मला वाटतं, लावल्या तेव्हा हा एका माणसाचा हट्ट होता आणि शहाणपण त्यात नंतर दिसायला लागलं. आता उन्हाळे तापत चालले आहेत, ग्रनाशची साखर वर जाते आणि शातोनफची वाइन चौदा-पंधरा टक्के मद्यार्काला सहज पोचते. अशा वेळी कूनवाज, तेरे, पिकपूल या कमी साखरेच्या, आंबटपणा राखणाऱ्या जातींना गावात पुन्हा भाव आला आहे. बोकास्तेलला त्या शोधत फिरावं लागलं नाही. जाक १९७८ मध्ये गेला. त्याने लावलेल्या मूर्वेद्रच्या जुन्या वेलींमधून मुलांनी १९८९ मध्ये बापाच्या नावाची एक खास वाइन काढली, आणि तीही दरवर्षी निघत नाही, साल साधलं तरच. नफ्यातोट्याचं गणित पाच वर्षांचं असतं तर त्या वेली केव्हाच उपटल्या गेल्या असत्या. जुना प्लॉट उपटला तरी लगेच पुन्हा वेल लावत नाहीत, जमिनीला बरीच वर्षं दुसऱ्या पिकावर ठेवतात. हे परवडायला जमीन सलग आणि मोठी लागते. चार भावांत वाटलेल्या चार-चार एकरांवर कोणी एक एकर दहा वर्षं पडू देईल?

जाकने रासायनिक खतं आणि फवारे १९५०च्या दशकातच बंद केले, जेव्हा सगळा युरोप त्यांच्या मागे धावत होता. १९७४ पासून इथे बायोडायनॅमिक पद्धत चालते. म्हणजे रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाच्या १९२४च्या व्याख्यानांतून आलेली, गाईच्या शिंगात शेण भरून थंडीभर पुरायचं आणि मग पाण्यात ढवळून शिंपडायचं, चंद्रकला बघून कामं करायची. यातलं शेण कळतं, चंद्र मला कळत नाही. आमच्याकडे जीवामृताच्या पिंपात काठी फिरवणारे काका आहेत, त्यांना विचारलं तर ते म्हणतील शिंग कशाला, मडकं चालेल. परिणाम शिंगाचा की त्या निमित्ताने मालक रोज मळ्यात जातो त्याचा, हे वेगळं करणं अवघड आहे.

आणि इथे तो वारा येतो. मिस्त्राल वर्षातले बरेच दिवस वाहतो आणि पावसानंतर पानं चटकन वाळवून टाकतो. ओल टिकली नाही की केवडा, म्हणजे डाऊनी, पसरत नाही, घड कुजत नाहीत. वेली बुटक्या, आधाराशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या, वाऱ्याला अंग न देणाऱ्या. खाली आल्प्समधून नदीने घासत आणलेले वाटोळे गोटे, त्याखाली चिकणमाती. दिवसाची ऊब गोटे धरून ठेवतात, पाणी माती धरून ठेवते. अशा जागी रसायनं सोडणं हे मोठेपण आहेच, पण निम्मी फवारणी वाराच करून जातो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ढग आला की आमच्याकडे पहाटे चारला ट्रॅक्टर सुरू होतो. त्या शेतकऱ्याला बोकास्तेलचं उदाहरण देऊन उपदेश करू नये. ज्यांनी कधी बेमोसमी पावसात फुलोऱ्यातली बाग पाहिली नाही तेच असले उपदेश करतात.

शिवाय फवारणीचा आमचा जुना मंत्रही फ्रेंचांचाच. बोर्डो. मोरचूद आणि कळीचा चुना. १८८०च्या दशकात बोर्दोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात टाकू नये म्हणून हे निळं मिश्रण फासायचे. त्याच वेलींवर केवडा पडत नाही हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं. सेंद्रिय शेतीतही तांब्याचं हे मिश्रण ठरावीक मर्यादेत आजही चालतं.

आता तळघर. तिथे जायला उशीर केला खरा, पण तिथली एक रीत मात्र चमत्कारिक आहे. बोकास्तेलची लाल द्राक्षं देठापासून सुटी केली की आंबवण्याआधी एका नळीतून जातात, जिथे त्यांच्या सालीला क्षणभर ८० अंशांपर्यंत तापवतात. आतला रस तितका तापत नाही. लगेच ते २० अंशांवर आणलं जातं. ही जाक पेरँची युक्ती. कापलेलं सफरचंद ज्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे, काळं पडतं तशीच विकरं द्राक्षाच्या सालीत असतात. ती या शेकाने मरतात, काही जंतूही मरतात. मग वाइन खराब होऊ नये म्हणून गंधकाचा वायू मुरवावा लागतो, तो कमी पुरतो. रंगही चांगला सुटतो. परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना ही युक्ती पचत नाही. ऱ्होनमध्ये फारसं कोणी हे करत नाही. पण गंमत अशी की परंपरेचा एवढा अभिमान असलेल्या घरात परंपरेला नळीतून काढायचं धाडस झालं, आणि एकदा बापाने सुरू केलं म्हटल्यावर मुलांनी तीच परंपरा करून टाकली.

पुढचं काम शांतपणे चालतं. ज्या जातींना हवेचा त्रास होतो, जशी ग्रनाश, त्या बंद सिमेंटच्या टाक्यांत आंबतात. ज्यांना हवा हवीच असते, जशा मूर्वेद्र आणि सिरा, त्या लाकडी टाक्यांत. जाती वेगवेगळ्या आंबवायच्या आणि मागाहून एकत्र करायच्या. मिश्रण ठरवताना घरातली माणसं एकत्र बसून चव घेतात. मग साधारण वर्षभर ओकच्या प्रचंड जुन्या पिंपांमध्ये मुरवण; लहान नव्या पिंपांतला लाकडाचा वास त्यांना नको असतो. शेवटी अंड्याच्या पांढऱ्याने निवळून, न गाळता बाटलीत. गाळून टाकलं तर चकाकी येते आणि थोडं अंग जातं, असा त्यांचा हिशोब.

यातलं सगळंच साधतं असंही नाही. १९८०च्या दशकातल्या आणि १९९०च्या आसपासच्या बोकास्तेलच्या काही बाटल्यांना गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास येतो. ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टची ही करामत. प्रयोगशाळेत ते तपासूनही झालं. म्हणजे शेक देऊनही हे पाहुणे कुठून तरी शिरलेच. जुने रसिक म्हणायचे, हीच तर त्या मातीची चव. मी गोठ्याशेजारी वाढलेली आहे. गोठ्याच्या वासाला माती म्हणायला माझी जीभ वळत नाही. अलीकडच्या बाटल्या बऱ्याच स्वच्छ आहेत आणि मला त्याच आवडल्या. मूर्वेद्रमुळे एक सावळा, रानटी स्वाद येतो, आणि मागून कूनवाजची मिरपूड. आमच्या घरात आजी माळकरी होती. या वर्णनावर ती काय म्हणाली असती ते इथे लिहीत नाही.

दादाचा बँकेचा प्रश्न. एकरी दोन टनांवर, दहा वर्षं पडीक जमिनीवर, बापाच्या हट्टाच्या वेलींवर घर चालतं कसं? कोंबडा-कोंबडीवर. जाकचा मुलगा जाँ-पिएर याने १९७० मध्ये ला व्हिएय फेर्म नावाची स्वस्त वाइन सुरू केली. दूरदूरच्या मळ्यांची द्राक्षं आणि वाइन घेऊन केलेली, कोंबड्यांचं चित्र असलेली, जगभरच्या दुकानांत खालच्या फळीवर मिळणारी. ती प्रचंड खपते. दुसरा मुलगा फ्रांस्वा मळा आणि तळघर बघायचा. एका भावाने कोंबडा विकायचा, दुसऱ्याने मूर्वेद्र पिकायची वाट पाहायची. बोकास्तेलवर लिहिणारे बहुतेक लोक हा कोंबडा तळटीपेत टाकतात, आणि मला ते खटकतं. कौटुंबिक इस्टेटीचा संयम म्हणून जे काही आपण वाखाणतो त्याला कुठून तरी रोकड पुरवावी लागते, आणि ती पुरवणाऱ्या भावाचं नाव खास बाटलीवर येत नाही.

पुढे घराने आणखी हातपाय पसरले. १९८९ मध्ये अमेरिकन आयातदार रॉबर्ट हास यांच्यासोबत कॅलिफोर्नियात पासो रोबलेसला जमीन घेतली, टाब्लास क्रीक नावाने. बोकास्तेलच्या काड्या तिथे नेल्या, त्या आधी सरकारी विलगीकरणात वर्षानुवर्षं अडकल्या, मग त्यांची रोपं करून लावली आणि इतर मळेवाल्यांनाही विकली. अमेरिकन मुळांनी वाचवलेल्या वेली अमेरिकेला परत गेल्या, पुन्हा खुंटावरच. २०१२च्या हंगामापासून प्रोव्हान्समधल्या मिरावालची गुलाबी वाइनही पेरँच करतात, जी ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली यांच्यामुळे गाजली. जोलीने आपला हिस्सा २०२१ मध्ये बाहेरच्या कंपनीला विकला आणि पिटने कोर्ट गाठलं. हिस्सेदाराने परक्याला वाटा विकला की काय होतं यावर आमच्या गावचा कोणताही म्हातारा त्यांना फुकट सल्ला देऊ शकला असता.

नव्या तळघराबद्दल मात्र मला आधी काहीच माहीत नव्हतं. इस्टेटीच्या विस्तारासाठी पेरँनी निवडलेले वास्तुरचनाकार आहेत बिजॉय जैन, स्टुडिओ मुंबईचे. अलिबागजवळ सुतार, गवंडी, पाथरवट यांना सोबत घेऊन वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. फ्रेंच सहकारी लुई-आंत्वान ग्रेगो यांच्यासह त्यांनी जे उभारलं त्याच्या भिंती पायाच्या खोदकामातून निघालेल्या मातीच्याच, साच्यात ठोकून केलेल्या. ऱ्होन खोऱ्यात हे तंत्र जुनं आहे, आणि आपल्याकडच्या पांढरीच्या मातीच्या जाड भिंती ज्यांनी पाहिल्या त्यांना नवलाचं नाही. पावसाचं पाणी साठवायची सोय, आणि मिस्त्रालचा उपयोग करून थंडावा राखायची योजना. यंत्रं कमीत कमी. इतक्या फ्रेंच वास्तुरचनाकारांच्या देशात या घराने मुंबईला हाक मारली, यात थोडी व्यापारी चलाखी आहेच. पण ज्या घराचा सगळा व्यवहार मातीच्या पतीवर चालतो त्याने भिंतीही त्याच मातीच्या मागाव्यात, हे पटतं.

परतीच्या वाटेवर बहिणीने विचारलं, इतक्या जणांचं पटतं कसं? मार्क, पिएर, तोमा, सेसील, शार्ल, मात्य, सेझार, अशी आता भावंडं-चुलतभावंडं आहेत. कोणी तळघर, कोणी विक्री, कोणी परदेश. माझं उत्तर असं की धंदा वाढता ठेवला म्हणून प्रत्येकाला पुरेल इतकं काम निघालं. घर वाढलं आणि धंदा तेवढाच राहिला की बांध पडतो. फ्रेंच कायद्यानेही १९७० पासून एक वाट करून दिलेली आहे. जमीन एका शेतजमीन गटाच्या नावावर करायची आणि वारसांनी जमिनीऐवजी त्या गटाचे हिस्से घ्यायचे. सातबारा एकच राहतो, कागदावरचे हिस्से हवे तितके फाटू देत. अनेक मळेवाली घरं या सोयीवर टिकली आहेत, आणि काही त्यातही भांडून फुटली आहेत.

हे मी दादाला सविस्तर सांगितलं. आमच्याकडे येत्या वर्षी वाटणीचं निघणार आहे, मोजणीचा अर्जही झाला आहे. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे बांधच नाही?”

“बांधच नाही.”

“आणि विहीर?”

“विहीरही गटाची.”

“कल्पना चांगली आहे,” तो म्हणाला, “पण आत्याची सही लागेल. तिला तू समजव.”